दोन आखूड, एक लांब

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ११.१०

आजपासून रोजनिशी. मोठं काम सुरू होतं तेव्हा त्याची नोंद कुणीतरी ठेवावी लागते, आणि माझ्या बाबतीत तेही मलाच करावं लागतं.

घटना अशी. दुरुस्तीसाठी बंद असलेलं आमचं सभागृह १८ एप्रिलला पुन्हा उघडणार. आज कॉरिडॉरमध्ये संचालक (वाद्यवृंदापुढे उभे राहून काठी हलवतात ते) म्हणाले, उद्घाटनाला दीड मिनिटाची एक फॅनफेअर हवी. फॅनफेअर म्हणजे कार्यक्रमाच्या आरंभी ट्रम्पेट-ट्रॉम्बोनवाल्यांनी द्यायची खणखणीत सलामी. नवी कोरी हवी, कुणाला तरी विचारा, असं माझ्याकडे बघून म्हणाले. मी स्वतःला विचारलं. लगेच होकार आला.

बावीस वर्षं मी इथे ग्रंथपाल आहे. कपाटातून संगीत काढायचं, प्रत्येक वादकाचा कागद त्याच्या स्टँडवर ठेवायचा, फाटला तर चिकटवायचा, हरवला तर हाताने पुन्हा उतरवायचा. कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव आजवर एकदाही छापून आलेलं नाही. पियानो ढकलणाऱ्या दोघांचं एकदा आलं होतं. यंदा येणार. ‘रचना’ या शब्दापुढे.

प्लॅन: रोज दोन तास. पंधरा दिवसांत पूर्ण. उरलेले दोन महिने वाद्यवृंदाला सवय व्हायला.

३ फेब्रुवारी, मंगळवार

विषय सापडला! घर ते सभागृह, रोजचा बावीस मिनिटांचा रस्ता. समुद्र, डोंगर, राजेमहाराजे यांच्यावर लोक ढिगाने लिहून गेलेत, ते सगळं मीच कपाटात लावतो. गतिरोधकावर कुणीही लिहिलेलं नाही. सगळी कपाटं तपासली.

गाडी ही चालवते. ही म्हणजे बायको. पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत आहे, मला वाटेत सोडून पुढे जाते. गाडी न चालवण्याचा निर्णय मी विचारपूर्वक घेतलेला आहे. लायसन्सच्या परीक्षकाचंही तेच मत पडलं, तिन्ही वेळा. शेजारी बसून प्रवासाकडे कलावंताच्या वृत्तीने पाहता येतं. पाहणं फारसं होत नाही, कारण मांडीवर फाइल असते आणि मान खाली. पण कान उघडे असतात.

हिला विषय सांगितला. म्हणाली, छान आहे, आधी बेल्ट लावा.

५ फेब्रुवारी, गुरुवार

शीर्षक ठरलं: ‘महापथ’. खाली बारीक अक्षरात ‘मोठ्या वाद्यवृंदासाठी’. त्रेचाळीस वादक, त्रेचाळीस फायली. प्रत्येकीवर काळ्या शाईने स्वतः नाव घातलं. दोन दिवस गेले, पण अक्षर असं आलंय की बघत राहावं.

आत अजून एकही स्वर नाही. असू दे. आधी घर बांधावं, माणसं मग राहायला येतातच.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

तालवादक बाईंनी (ढोल, झांजा, ट्रँगल हे खातं त्यांच्याकडे) आपली फाइल उघडून पाहिली. आत काहीच नाही म्हणाल्या. मी म्हटलं, होणार आहे. त्यावर, असंच ठेवलंत तर मला फार सोपं जाईल, असं म्हणाल्या आणि हसल्या. बाई चांगल्या आहेत, पण वाजवणाऱ्यांना लिहिणाऱ्याचं दुःख कळत नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज शास्त्रीय पद्धतीने सुरुवात. एका हातात स्टॉपवॉच, दुसऱ्यात रेकॉर्डर. सेकंदाला एक मात्रा असा हिशेब धरला. नोंदी:

सोसायटीचं फाटक, करकर. तीन गतिरोधक, धडक-धडक, तिसऱ्यावर हिचा सुस्कारा. मोठा सिग्नल, चौऱ्याण्णव सेकंद लाल. नंतर वळण. नंतर उड्डाणपूल, चढ-उतार मिळून एकोणचाळीस सेकंद, इंजिनचा एकच अखंड सूर. हा माझा विजयाचा क्षण. मग पार्किंग.

सगळं जमलं असतं, पण वळणावर हिने हॉर्न वाजवला. पँ, पँ, पँऽऽऽ. दोन आखूड, एक लांब. रेकॉर्डिंग खराब.

हे वळण म्हणजे सासरेबुवांच्या इमारतीचं वळण. पहिल्या मजल्यावर ते राहतात, सोबत दिवसभराची बाई. दोन वर्षांपूर्वी त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून घराबाहेर पडत नाहीत. त्या गल्लीला सकाळी चिटपाखरू नसतं. रिकाम्या वळणावर हॉर्न कशाला? पण बायकांना वळणाची भीती वाटते. ही खोड हिला अलीकडेच लागली आहे. वर्ष-दोन वर्षंच झाली असतील.

११ फेब्रुवारी, बुधवार

पुन्हा हॉर्न. शांतपणे समजावलं, आठ दिवस तेवढं थांबव, कलेचा प्रश्न आहे. म्हणाली, जमणार नाही. कारण विचारलं. म्हणाली, मागेच सांगितलंय. मला काही आठवत नाही. तिचं म्हणणं, तेव्हाही मी कागदातच होतो.

एकतर हॉर्न बेसूर. त्यात तिसऱ्या स्वराला काही शिस्त नाही. सोमवारी दीड सेकंद, काल तीन, आज चार. मी बोट दाखवून म्हटलं, निदान लांबी तरी एक ठरव. त्यावर उंटावरून शेळ्या हाकू नका म्हणाली.

१५ फेब्रुवारी, रविवार

सकाळी सासरेबुवांकडे. ते खिडकीपाशी खुर्चीत बसलेले होते. त्या खिडकीला खुर्ची इतकी चिकटवलेली आहे की पडदा धड लागत नाही. बाई म्हणाली, साडेआठला इथेच बसवावं लागतं, नाहीतर चहा घेत नाहीत. म्हातारपणी माणूस हट्टी होतो.

सासरेबुवा तीस वर्षं बस चालवायचे. आमच्या लग्नात त्यांनी मला विचारलं होतं, तुम्ही वाद्यवृंदात नक्की काय वाजवता? मी तेव्हा म्हणालो होतो, मी सुरांची व्यवस्था बघतो. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले होते. तो प्रश्न बावीस वर्षं आमच्यामध्ये बसून आहे. आज उत्तर दिलं. उद्घाटनाची पहिली सलामी माझी, तीही आपल्या रोजच्या रस्त्यावरची, असं सांगितलं. म्हातारा एकदम ताठ झाला. म्हणाले, तर मी येणार. खुर्चीसकट उचलून न्या.

आता माघार नाही. तशी ती कधीच नव्हती.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

मुख्य धून सुचत नाही. याला कारणं आहेत: (१) वरच्या मजल्यावर फरशी बसवण्याचं काम. (२) पेन्सिली. बाजारात चांगली पेन्सिल राहिलेली नाही. (३) हॉर्न. दिवसभर डोक्यात पँ पँ पँऽऽऽ एवढंच वाजतं, दुसरं काही आत शिरायलाच तयार नाही.

संध्याकाळी जी एक बरी पेन्सिल आहे ती शोधण्यात पाऊण तास गेला. ही येऊन म्हणाली, काखेत कळसा नि गावाला वळसा, आणि माझ्या कानामागून काढून दिली. नाचता येईना अंगण वाकडं हेही पुटपुटली. एका दिवसात दोन म्हणी. मला घरात आधार असा नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

हिला ताप. मी टॅक्सीने गेलो. वळणावर टॅक्सीवाला अवाक्षर न काढता, हॉर्न न वाजवता गेला. अहाहा! हाच तो शांत, सुसंस्कृत प्रवास. घरी येऊन हिला मुद्दाम सांगितलं.

दुपारी सासरेबुवांचा फोन. पोरगी बरी आहे ना, असं दोनदा विचारलं. आवाज घाबरलेला. ताप आल्याचं यांना कुणी सांगितलं कोण जाणे. मी नाही, ही नाही. मी म्हटलं, उगाच काळजी करता. ते म्हणाले, नऊला दहा कमी असल्यापासून करतोय.

हिने फोन मागून घेतला आणि खूप वेळ हळू आवाजात बोलली. मला कामाला बसायचं होतं, म्हणून दार लावून घेतलं. नंतर झोप लागली.

४ मार्च, बुधवार

पंधरा दिवसांचा प्लॅन एक महिन्याचा झालाय, पण घाईत केलेलं काम मला आवडत नाही.

आज बैठक. नव्या छताचं काम करताना कारागिरांनी मध्यंतराच्या घंटेची वायर तोडली. पंधरा मिनिटांचं मध्यंतर संपलं की ही घंटा वाजते आणि बाहेर चहा पीत उभे असलेले लोक आत येतात. इलेक्ट्रिशियन म्हणतो, ती वायर आता भिंतीच्या आत गेली, तीन महिने लागतील. घंटेवर वीस मिनिटं चर्चा! मी हात वर करून फॅनफेअरचा विषय काढला, तर संचालक म्हणाले, अरे हो, कुणी मिळालं का? मी सांगितलं, मीच. ते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, बरं, वीस तारखेला रिहर्सलच्या शेवटी पंधरा मिनिटं देतो, वाजवून बघू. दीड मिनिटच ना?

मी मान हलवली. ती कुठल्याही दिशेने हलली असं म्हणता येईल.

१२ मार्च, गुरुवार. दुपारी ४

झालं! ‘महापथ’ पूर्ण!

लांबी नऊ मिनिटं चाळीस सेकंद. दीड मिनिटात बावीस मिनिटांचा रस्ता बसवणं म्हणजे प्रवाशांचा अपमान. संगीत ऐकल्यावर घड्याळाकडे कोण बघतो?

सिग्नल अगदी खरा ठेवलाय: चौऱ्याण्णव मात्रा पूर्ण शांतता. असं धाडस आजवर कुणी केलं नसेल. उड्डाणपुलावर ट्रम्पेटचा एकोणचाळीस मात्रांचा एकच सूर, न तुटता. आणि हो, हॉर्नही घातला. टाळता येईना, दुसरं काही सुचेना म्हणून नव्हे, तर प्रतीक म्हणून. जगातली बेशिस्त कलावंताच्या वाटेत कशी आडवी येते त्याचं प्रतीक. दोन आखूड, एक लांब. तिसऱ्या स्वराची लांबी मात्र मी दोन मात्रा अशी ठरवून टाकली. कुणीतरी शिस्त लावायलाच हवी होती.

१६ मार्च, सोमवार

चार दिवस त्रेचाळीस जणांचे कागद उतरवतोय. हात सुजलाय, पण खाडाखोड एकही नाही. पान कुठे उलटायचं तेही असं साधलंय की वादकाला दोन्ही हात मोकळे मिळावेत. सिग्नलपाशी सगळ्यांची पानं एकदम उलटतात. त्रेचाळीस पानांची सळसळ! तीही रचनेचाच भाग.

खरं सांगायचं तर या चार दिवसांइतका आनंद मला रचना करताना झाला नाही. हे इथेच राहू दे.

२० मार्च, शुक्रवार

लिहवत नाही.

२१ मार्च, शनिवार

लिहितो. नोंद हवीच.

फाटक ठीक गेलं. गतिरोधक ठीक. पहिल्या रांगेतले दोघे एकमेकांकडे बघून हसले, ते कौतुकाने असावं. मग सिग्नल लागला. शांतता. पानं सळसळली. सगळे मोजू लागले. संचालक काठी हलवत होते, पण वाजत काहीच नव्हतं. वीस मात्रांनी व्हायोलिनवाल्यांनी व्हायोलिनं मांडीवर ठेवली. चाळिसाच्या सुमारास दोघेजण हळूच चहाला गेले. साठाच्या आसपास शिपाई दारातून डोकावला. आवाज नाही म्हणजे रिहर्सल संपली असं समजून त्याने पंखे बंद केले, मग दिवे. अंधारात तालवादक बाई मोठ्याने मोजत होत्या, अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी. त्या एकट्याच शेवटपर्यंत मोजत होत्या, हे मी विसरणार नाही.

दिवे लागेपर्यंत कोण कुठल्या मात्रेवर आहे हे कुणालाच कळेना. वळण आलं. हॉर्न वाजला. तो मात्र सगळ्यांचा बरोबर वाजला, का कोण जाणे. मग उड्डाणपूल. पहिला ट्रम्पेटवाला, ज्याला सगळे गालफुगे म्हणतात, त्याने तो सूर लावला. पंचवीस मात्रांनी तो लाल झाला, तिसाला जांभळा, आणि एकतिसाव्या मात्रेला ट्रम्पेट मांडीवर ठेवून त्याने मला विचारलं, श्वास कधी घ्यायचा? मी म्हटलं, उड्डाणपुलावर थांबायला मनाई आहे.

यावर जे हसू उठलं ते कौतुकाचं नव्हतं. मला कळतं. मी काही अगदीच तसा नाही.

२३ मार्च, सोमवार

संचालकांनी केबिनमध्ये बोलावलं. बसायला सांगितलं, म्हणजे वाईटच. म्हणाले, अक्षर अप्रतिम आहे. मी पुढच्या वाक्याची वाट बघितली. पुढचं वाक्य, उद्घाटनाला आपण जुनीच एखादी वाजवू, असं होतं. कपाट नंबर सात, वरून दुसरा कप्पा. मीच काढून आणली. मीच धूळ पुसली. मीच त्रेचाळीस स्टँडवर लावली. ‘महापथ’च्या फायली कोऱ्या खोक्यात भरल्या. खोक्यावर नाव घालायला घेतलं आणि हात थांबला.

रागाने सांगत नाही, पण या संस्थेला गुळाची चव नाही.

घरी काय सांगायचं?

२५ मार्च, बुधवार

घरी काही सांगितलेलं नाही. विचारलं की, बसवतोय म्हणतो. खोटं नाही, स्टँडवर मीच बसवतो.

दुपारी गालफुगे कॉरिडॉरमधून चालता चालता माझा हॉर्न वाजवत होता. पँ पँ पँऽऽऽ. म्हणे पाच दिवस डोक्यातून जात नाही. संचालक केबिनमधून बाहेर आले. मला वाटलं त्याला ओरडणार. तर म्हणाले, हेच! घंटेच्या ऐवजी हेच! जिन्यावर उभा राहून वाज, लोक आपोआप आत येतील.

अशा रीतीने नऊ मिनिटं चाळीस सेकंदांच्या रचनेतून सव्वातीन सेकंद निवडले गेले. आणि निवडले गेले तेही शत्रूचे. माझं फाटक नाही, माझा सिग्नल नाही, माझा उड्डाणपूल नाही. दुष्काळात तेरावा महिना! संचालक पाठीवर थाप मारून म्हणाले, बघा, तुमचं काहीतरी वाजणारच.

२९ मार्च, रविवार

सासरेबुवांनी कोट इस्त्री करून ठेवलाय. तीन आठवडे आधीच. हॅंगर खिडकीला. बाई म्हणाली, रोज त्याच्यावरून हात फिरवतात. त्यांनी मला विचारलं, सुरुवातीलाच ना तुमचं? म्हणजे मी वेळेवर यायला हवं.

मी चहा संपवला आणि खिडकीतून खाली रस्त्याकडे बघत राहिलो. सांगणार होतो. कप विसळायला गेलो.

१० एप्रिल, शुक्रवार

कार्यक्रमपत्रिकेचं प्रूफ आलं. शुद्धलेखन तपासायचं काम माझंच. मी सगळी पानं दोनदा वाचली. माझा उल्लेख एका ठिकाणी सापडला, पान चार: ‘मध्यंतर, १५ मिनिटे. ट्रम्पेट वाजताच कृपया आपापल्या जागी बसावे.’

चूक एकही नाही. सही करून दिलं.

१७ एप्रिल, शुक्रवार. सकाळी ८.५५

आज गाडीत सांगायचं ठरवलं होतं. फाटकापाशी नको म्हटलं, गतिरोधकावर जीभ चावेल. सिग्नलला चौऱ्याण्णव सेकंद मिळाले. बेल्ट सारखा केला, खाकरलो, आणि हिरवा लागला. वळणावर तिचा हॉर्न. नंतर उड्डाणपूल, तिथे थांबायला मनाई.

उतरताना ही म्हणाली, बाबा तुमच्यासाठी दोन वर्षांनी जिना उतरणार आहेत, माहितेय ना? मी दार जोरात लावलं. दाराचा राग नव्हता.

१९ एप्रिल, रविवार. सकाळ

काल चार वाजता कार्यक्रम. चौघांनी सासरेबुवांना खुर्चीसकट उचलून आणलं. कोटाची सगळी बटणं लावलेली. कडेच्या वाटेवर त्यांची जागा, शेजारी ही. मी नेहमीसारखा रंगमंचाच्या बाजूला, पडद्याआड, जिथून मला लोक दिसतात आणि लोकांना मी दिसत नाही.

सात नंबर कपाटातली सलामी वाजली. सुरेख वाजली, हे मान्य. टाळ्या पडल्या. ही टाळ्या वाजवत माझ्या दिशेने बघत होती, आणि मला पडद्याच्या दोरीकडे बघावं लागलं. मध्यंतरात त्यांच्याजवळ गेलो. सासरेबुवा म्हणाले, जोरात होतं. मग म्हणाले, पण ओळखीचं काही लागलं नाही हो. आपला रस्ता म्हणाला होतात ना?

लाज वाटत होती, त्याहून जास्त राग येत होता, आणि कुणाचा ते कळत नव्हतं.

तेवढ्यात जिन्यावर गालफुगे उभा राहिला. पँ, पँ, पँऽऽ.

बाहेरचे लोक कप ठेवून आत येऊ लागले. सासरेबुवांनी मात्र उजवा हात वर केला. सरळ, डोक्याच्या वर, पंजा उघडा. मला वाटलं, काही हवंय. मी वाकून विचारलं, पाणी? त्यांचं लक्षच नव्हतं. ही हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती, दोन्ही एकदम.

मग तिने सांगितलं, दुसऱ्यांदा, असं तिचं म्हणणं. ती लहान असताना बाबांची बस त्याच वळणावरून जायची. घराखाली आले की दोन आखूड, एक लांब. ही पळत खिडकीत यायची आणि हात वर करायची. आता ते खिडकीत असतात आणि ही खाली. त्यांचं हाड मोडल्यावर पहिल्याच सोमवारी तिने वाजवून पाहिला आणि वर हात दिसला. तेव्हापासून रोज, आठ पन्नासला. मी तेव्हा शेजारीच होतो. बेल्ट लावून.

सासरेबुवा माझ्याकडे बघत होते. म्हणाले, जावईबापू, हे कुणी लिहिलं?

बावीस वर्षांत कुणी मला हा प्रश्न विचारलेला नव्हता. उत्तर एका अक्षराचं होतं आणि जिभेवर होतं. पण तोंडातून निघालं ते असं की, मी फक्त उतरवून घेतलं, हिच्याकडून. हिने तुमच्याकडून. आणि सुरुवातीचं माझं नव्हतं, ते कपाटातलं होतं. सगळं एका दमात सांगितलं. गालफुगेला एकतिसाव्या मात्रेला काय झालं असेल ते समजलं.

सासरेबुवा म्हणाले, म्हणजे तुमचं यात काहीच नाही?

मी म्हटलं, तिसरा स्वर दोन मात्रांचा, तेवढं माझं आहे.

२० एप्रिल, सोमवार. सकाळी ९.१५

आज फाइल मागच्या सीटवर ठेवली. ही म्हणाली, बरं नाही का?

वळण आलं. तिने दोनदा आखूड वाजवला, मग तिसरा धरून ठेवला. मी मान वाकडी करून पहिल्या मजल्याकडे बघत होतो. खिडकीत कुणी नव्हतं. हॉर्न चालूच. मग पडदा हलला, बाईचा हात दिसला, मागून सावकाश सासरेबुवांचा. उजवा, सरळ, पंजा उघडा. त्या क्षणी हॉर्न थांबला.

दीड सेकंद, तीन सेकंद, चार सेकंद. ती हात दिसेपर्यंत धरते.

म्हणजे तीन स्वरांतला जो एक माझा होता तोच चुकलाय.

उड्डाणपूल कधी गेला कळलं नाही. मीही खिडकीबाहेर हात काढला होता, पण उशीर झाला होता, आम्ही तेव्हा पुलावर होतो. ही म्हणाली, हात आत घ्या.

११.४०

खोकं उघडून ट्रम्पेटचा कागद काढला. दोन मात्रा खोडल्या. बावीस वर्षांतली माझ्या हातची पहिली खाडाखोड. स्वराच्या डोक्यावर लिहिलं: ‘हात दिसेपर्यंत धरणे.’

शनिवारी पुढचा कार्यक्रम आहे, वायर अजून भिंतीतच आहे, म्हणून कागद गालफुगेला नेऊन दिला. त्याने वाचून विचारलं, कुणाचा हात? संचालक शेजारीच उभे होते. म्हणाले, अर्थात माझा, आणखी कुणाचा? आणि फार खूश झाले. म्हणाले, आता तुम्हाला संगीत समजायला लागलं.

मी कागद स्टँडवर नीट ठेवला आणि कपाटं लावायला गेलो.